अ‍ॅव्हरेज किती देते?

मराठी माणूस पगार कमी सांगतो आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज जास्त. पहिल्यामागे निदान इन्कम टॅक्सची भीती असते. दुसरी थाप मात्र शुद्ध हौसेची.

लग्नाच्या पंगतीत कुणी नवी गाडी घेतल्याची बातमी फुटली, की रंग, किंमत, हप्ता हे सगळे प्रश्न मागे पडतात आणि पहिला येतो तो हा : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ गाडीमालक क्षणभर मांडवाच्या छताकडे बघतो, मनातल्या आकड्यात तीन मिळवतो, उत्तर देतो आणि शेवटी हळूच पुटपुटतो, ‘हायवेला.’ हायवेला म्हणजे कधीतरी पहाटे कोल्हापूरला जाताना, मोकळ्या रस्त्यावर, मुलं मागे झोपलेली असताना डॅशबोर्डवर उगवलेला आकडा. त्याचा फोटो अजून मोबाइलमध्ये असतो. रोजचा कोथरूड ते हडपसर प्रवास मात्र हिशेबात धरत नाहीत. तो प्रारब्धात धरतात.

अ‍ॅव्हरेज देणं ही गाडीची जबाबदारी आहे, अशी आपली पक्की समजूत. कमी पडलं तर कंपनी चोर, पंपवाला चोर, सरकार चोर आणि मेकॅनिक तर जन्मजात चोर. उजव्या पायाची चौकशी लावावी असं कुणालाही वाटत नाही.

कंपनीला चोर म्हणायला एक कागद हाताशी असतो. एआरएआयने दिलेला आकडा. ही संस्था 1966 पासून पुण्यात आहे, वेताळ टेकडीवर, इतकी जुनी की निम्मं पुणं त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतं. तिथे गाडीची अ‍ॅव्हरेजची चाचणी होते ती रोलरवर. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. ड्रायव्हर समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो. सगळा खेळ वीस मिनिटांच्या आत संपतो. कमाल वेग ताशी 90, सरासरी तिशीच्या थोडी वर. थांबणं-निघणं त्यातही असतं, ते नाकारत नाही. पण खड्डा नसतो, उलट्या दिशेने येणारा डिलिव्हरीवाला नसतो, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या तीन सेकंद आधी मागून हॉर्न मारणारा तर नसतोच.

आता खऱ्या रस्त्यावर या. टॉमटॉम ही कंपनी जगभरच्या शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजते. तिच्या 2024 च्या यादीत पुणं जगातलं चौथ्या क्रमांकाचं संथ शहर ठरलं. 10 किलोमीटरला 33 मिनिटं, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. दुसरीकडे पेट्रोलियम बचतीसाठी 1978 पासून झटणारी पीसीआरए ही सरकारी संस्था आपल्याला सांगते, की गाडी ताशी 45 ते 55 च्या वेगात चालवा, इंधन वाचतं. अगदी बरोबर आहे. हा वेग पुण्यात रात्री दोन वाजता मिळतो. इच्छुकांनी ऑफिसची वेळ बदलून घ्यावी.

एवढं असूनही माणूस पेट्रोल वाचवायला कमी कष्ट घेत नाही. पंपावर जाऊन बघा. कुणी दोनशेचं पेट्रोल मागत नाही. ‘दोनशे दहाचं टाक.’ गोल आकड्यावर मशीन सेट केलेलं असतं आणि दहा रुपये वर मागितले की पंपवाल्याचं गणित कोलमडतं, हे ज्ञान आपल्याकडे बापाकडून मुलाकडे जातं. दुसरे साधक भल्या सकाळी येतात. गारव्यात पेट्रोल घट्ट असतं, त्याच लिटरात जास्त मावतं. पदार्थविज्ञान खरं आहे, फक्त पंपाची टाकी जमिनीच्या पोटात असते आणि तिथे सकाळ-दुपार फारशी पोचत नाही. तिसरे बाटलीतलं ‘मायलेज बूस्टर’ ओततात. चौथे पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधतात आणि पेट्रोलचे रेणू शिस्तीत उभे राहिल्याची खात्री झाल्यासारखे गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात.

त्याच पंपाच्या कोपऱ्यात हवा फुकट मिळते. तिथे रांग नसते.

टायरमध्ये हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, आणि त्याला पुढे ढकलायला इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. भुसभुशीत वाळूतून चालण्यासारखं. ती वाळू आपण स्वतः चाकाखाली घेऊन हिंडतो, महिनोन्‌महिने. हवा चेक करायला दोन मिनिटं लागतात आणि खाली वाकून व्हॉल्व्हची टोपी काढावी लागते. चुंबकाला वाकावं लागत नाही.

आता मुख्य आरोपी. सिग्नल सुटला की आपला उजवा पाय असा दाबला जातो, की पलीकडच्या चौकात कुणीतरी पेढे वाटत असावं. शंभर मीटरवर पुढचा लाल सिग्नल सगळ्यांना दिसत असतो. तरी तिथपर्यंत तिसरा गिअर, रेस, समोरच्या रिक्षाला कट आणि मग कचकन ब्रेक. ज्या पेट्रोलने वेग घेतला, ते सगळं ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये उष्णता होऊन गेलं. लिटरला शंभरावर रुपये मोजून आपण ब्रेक तापवतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अंदाज आहे, की थांबत-निघत चालणाऱ्या रहदारीत अशा धसमुसळ्या चालवण्याने अ‍ॅव्हरेज 10 पासून 40 टक्क्यांपर्यंत घसरतं. चाळीस टक्के! एवढी चोरी कुठल्या पंपाला जमणार? आणि आपल्याला मागे टाकून सुसाट गेलेला तो वीर पुढच्या सिग्नलला आपल्या शेजारीच उभा असतो. तो डावीकडे बघत नाही. बघू नये.

उभं राहण्याचीही एक तऱ्हा आहे. आपल्या सिग्नलवर सेकंदांचे आकडे उलटे पळतात, त्यामुळे किती वेळ थांबायचंय हे आधीच कळतं. अशी सोय नशिबातसुद्धा नसते. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करून पुन्हा चालू करणंच स्वस्त पडतं, हे आता जुनं ज्ञान झालं. दुचाकीवाले बरेचसे बंद करतात, त्यांना मानलं पाहिजे. त्यांच्या खिशाला अजून डोळे आहेत. चारचाकीवाला करत नाही, कारण एसी. नव्या गाड्यांत कंपनीनेच सोय दिली, थांबलं की इंजिन आपोआप बंद, पाय हलला की चालू. यासाठी इंजिनिअरांनी स्टार्टर मजबूत केले, बॅटऱ्या बदलल्या. आणि आपण? गाडीत बसल्यावर सीटबेल्टच्या आधी ते बंद करायचं बटण दाबतो.

दिल्लीने 2020 च्या ऑक्टोबरात याचीच मोहीम काढली, ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’. चौकाचौकांत फलक घेऊन स्वयंसेवक उभे राहिले. 2022 मध्ये त्या मोहिमेची फाइल नायब राज्यपाल आणि सरकार यांच्यात अडकली आणि त्यावरून दोन्ही बाजूंनी यथेच्छ धूर निघाला. तो मोजायला कुणी यंत्र लावलं नाही.

पण दिल्लीवर हसायचं कारण नाही. आपल्याकडे टेकडी आहे.

तळजाईच्या पायथ्याशी भल्या सकाळी गाडी लावायला जागा शोधून दाखवा. ताजी हवा खायला, चार पावलं चालायला लोक दोन किलोमीटर गाडीने येतात. चालण्यासाठी गाडीने जाणं यात काही विसंगती आहे असं त्यांना सांगितलं, तर ते गुडघ्यांचं कारण देतात. हे गुडघे टेकडी चढतात. रस्ता त्यांना झेपत नाही.

यातली खरी मेख इंजिनात आहे. आजच्या गाडीच्या धुराड्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. विषारी वायू पकडून त्यांना बऱ्यापैकी निरुपद्रवी करणारा हा सज्जन गृहस्थ अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला हात लावत नाही. सकाळी इंजिन गार. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीतला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. म्हणजे पेट्रोल सगळ्यात जास्त आणि गाळणी बंद. ही दोन्ही पुण्यकर्मं होतात नेमकी पहिल्या काही मिनिटांत. दोन किलोमीटरचा प्रवास म्हणजे जवळजवळ तेवढाच काळ. कन्व्हर्टर जांभई देऊन उठेपर्यंत साहेब गाडी बंद करून हातात काठी घेऊन वर निघालेले असतात. तास-दीड तासाने परत येतात तोवर इंजिन पुन्हा गारठलेलं. परतीला तोच प्रयोग. शंभर किलोमीटर जाऊन आलेल्या गाडीने किलोमीटरमागे जेवढी घाण केली नसेल, तेवढी या फुप्फुसशुद्धीच्या फेरीने केली. आणि ती सोडली कुठे, तर टेकडीच्या दारात, जिथे आपल्यासारखेच दोनशे जण खोल श्वास घ्यायला जमलेत. कपालभाती त्या हवेत चालते.

2023 मध्ये वेताळ टेकडी वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच केलं. रस्ते आणि बोगदे टेकडीच्या पोटातून जाऊ नयेत, याला माझाही पाठिंबा. फक्त त्या टेकडीप्रेमींपैकी काही जण रोज सकाळी टेकडीवर ज्या रस्त्याने पोचतात, त्यावर त्यांच्या गाड्यांची दुहेरी रांग असते, एवढंच नोंदवून ठेवतो. वाण्याकडे दुधाची पिशवी आणायला अ‍ॅक्टिव्हा काढणाऱ्यांनी हसू नये. तुमचं प्रकरण छोटं आहे, कलम तेच आहे.

‘पण माझ्याकडे पीयूसी आहे ना!’

आहे. पीयूसी ही जगातली एकमेव परीक्षा असावी जिथे विद्यार्थ्याने बसून राहावं आणि त्यावरून त्याच्या धावण्याचे गुण ठरावेत. पेट्रोल गाडी उभी असते, इंजिन संथ गुरगुरत असतं, धुराड्यात नळी जाते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बनचे आकडे कागदावर येतात. डिझेलला रेस देऊन धूर किती गडद तेवढं बघतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं नाव कुणी काढत नाही. गाडीत चार माणसं बसून ती चांदणी चौकाचा चढ चढताना काय सोडते, हा विषय अभ्यासक्रमात नाही. प्रमाणपत्र नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. त्यामुळे प्रमाणपत्र सगळे बाळगतात. बाकी एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला, असं विचारा. तो असतो कुठे, इथूनच सुरुवात होते.

अलीकडे अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार करणाऱ्या या सगळ्यांना एक उत्तम जामीनदार मिळाला आहे. ई-20. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. त्याबद्दलची तक्रार खोटी नाही. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशाइतकीच ऊर्जा असते, तेव्हा अ‍ॅव्हरेज पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी 6 ते 7 टक्क्यांची आणि दुचाकींसाठी 3 ते 4 टक्क्यांची घट लिहून ठेवली आहे. अ‍ॅव्हरेज घटलं, पंपावरचा भाव त्या हिशेबाने घटला नाही. ग्राहकाने चिडावं असंच आहे हे.

पण आमचे एक परिचित सांगतात, ‘पंधरा द्यायची, दहावर आली. ई-20 ने वाट लावली.’ पंधराचे सात टक्के काढा. एक किलोमीटर. एकाचा हिशेब इथेनॉलवर टाकू. उरलेले चार कुठे गेले, साहेब? त्यांच्या डिक्कीत दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीच्या सजावटीचं सामान आहे, कॅरमबोर्ड आहे आणि विकायला काढलेली रद्दी आहे, ती विकायची राहून गेली. पाय तर वर वर्णन केलाच आहे. तरी इथेनॉलला ते फार मोठ्याने शिव्या देत नाहीत. सासरे साखर कारखान्याचे सभासद आहेत.

इथवर चेष्टा होती. बचतीचं एक खूळ मात्र असं आहे की त्याची चेष्टा करवत नाही.

मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. डिझेल वाचवायला अवजड गाड्यांचे ड्रायव्हर तिथे गिअर काढतात. न्यूट्रल. काही तर इंजिनच बंद करतात. अनेक मालक डिझेल मोजून देतात, वाचेल ते ड्रायव्हरचं. त्यामुळे हा मोह नुसता मोह नसतो, ती वरकमाई असते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापले की पकड सोडतात. इंजिन बंद असेल तर कॉम्प्रेसर बंद, आणि एअर ब्रेकला हवा भरून मिळत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये एका रविवारी रात्री याच उतारावर एका अवजड गाडीने कितीतरी वाहनांना धडक दिली. तो पहिला अपघात नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही.

यातली चीड आणणारी गोष्ट ही, की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतच नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यात पेट्रोल गाड्यांबाबत त्या समजुतीत थोडं तथ्य होतं. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात, इंजिन गाडीला मागे ओढून धरतं, थेंबही खर्च होत नाही. न्यूट्रलमध्ये टाकली की मात्र इंजिनाला जिवंत राहायला इंधन लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं फुकट आणि सुरक्षित, न्यूट्रलमध्ये उतरणं महाग आणि जीवघेणं. एवढं वाक्य त्या मालकांनी डिझेलच्या पावतीमागे छापलं तरी चालेल. उतारावर ‘न्यूट्रल करू नका’ असं सांगणारे फलक लागतात. पण मोजून डिझेल देणाऱ्या हिशेबाच्या वहीवर फलक कोण लावणार?

इकडे शहरात खूळ वेगळं. गाड्या फुगत चालल्यात. देशात विकल्या जाणाऱ्या कारपैकी निम्म्याहून जास्त आता एसयूव्ही घाटाच्या आहेत. डोंगर चढायला केलेली गाडी लक्ष्मी रस्त्यावर साड्यांच्या दुकानासमोर डबल पार्किंगमध्ये उभी असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण किलोच्या पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू कसा, असं विचारणाऱ्यांसाठी : कार्बन पेट्रोलचा, ऑक्सिजन हवेतला. तोही आपण फुकटच घेतो. शहरात 12 चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला 190 ग्रॅम सोडते. कंपन्यांना त्यांच्या सगळ्या गाड्या मिळून सरासरी 113 ग्रॅमच्या आसपास राखायचं बंधन 2022-23 पासून आहे. रोलरवर काही कंपन्या ते पाळतातही. आणि आत माणसं किती? एक. तोही फोनवर.

बसचं नाव काढायची पंचाईत आहे. देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी वेगळी लेन राखण्याचा, पहिला प्रयोग पुण्याने 2006 मध्ये कात्रज-हडपसर मार्गावर केला. नगर रस्त्यावर नंतर झालेला मार्ग आपणच उखडला. तक्रार काय, तर बसच्या रिकाम्या लेनमुळे गाड्यांची कोंडी होते. आता ती लेन रिकामी नाही. तिच्यातही गाड्या उभ्या असतात, आणि बस त्यांच्या मागे.

आमच्या सोसायटीतल्या चौघांनी मध्यंतरी मनावर घेतलं. चौघांचं ऑफिस हिंजवडीला, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. रोज एकच गाडी न्यायची, पेट्रोल वाटून घ्यायचं. ग्रुप तयार झाला, झाडाचं चित्र लावलं, अभिनंदनाचे अंगठे आले. पहिल्या आठवड्यात एसी 22 वर की 25 वर यावरून मतभेद झाले. दुसऱ्यात पुढे कोण बसणार हा प्रश्न ज्येष्ठतेचा बनला. मग एकाला परतीला मुलीचा क्लास निघाला, दुसऱ्याला तिसऱ्याचं ड्रायव्हिंग सोसेना. ‘फार धसमुसळं चालवतो हो, अ‍ॅव्हरेज काय मिळणार?’ सध्या चौघं चार गाड्यांतून निघतात, वाकडच्या पुलाखाली एकमेकांच्या मागे अडकतात आणि पुढचा मागच्याला ग्रुपवर कळवतो, की आज इकडून येऊ नकोस. ग्रुपचं नाव अजून ‘कारपूल’ आहे.